गाठ लागली, तर बाळंतपणाची वाट बघू नकोस

अगं, छातीत गाठ लागतेय हे आधी नवऱ्याला सांग आणि याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंना दाखवून ये. 'सातवा चालू आहे, आता एकदा मोकळी झालीस की बघू' असं सासरी म्हणतील, तुझी आईही म्हणेल. त्यांच्या बोलण्यात मायाच आहे, पण ते ऐकू नकोस. प्रसूतिगृहात इतकी वर्षं नोकरी केली, त्यात माझा जीव कशानं तुटला असेल तर या वाट बघण्यानं.

या दिवसांत छाती भरते, दूधग्रंथी वाढतात, हाताला गुठळ्या लागतात. काहींच्या काखेतही स्तनाचा थोडा भाग असतो, तोही फुगतो. तुझ्या वयात फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ पुष्कळ जणींना असते. एरवी ती लक्षातही येत नाही आणि गरोदरपणी मोठी होते. बहुतेक गाठी अशाच, निरुपद्रवी. कॅन्सर साधारण ३,००० गरोदर बायकांत एखादीला निघतो. पण ती एखादी कोण, हे हात लावून ना मला सांगता येईल, ना सुईणीला. गरोदरपणामुळेच असेल म्हणून सोडून दिलं, की नेमका तिथंच उशीर होतो.

तपासणीनं बाळाला काही होईल ही भीती मनातून काढ. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. पोटातलं बाळ बघतात तीच तपासणी छातीची करायची. सुई घालून तुकडा घ्यावा लागला, तर तेवढीच जागा बधिर करतात. मात्र तपासणीच्या कागदावर 'गरोदर, सातवा महिना' असं ठळक लिहून घे. या काळात पेशी मुळातच वेगळ्या दिसतात, आणि बघणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर निदान चुकू शकतं. वाईटातलं वाईट निघालं तरी गरोदरपणात शस्त्रक्रिया होते, पहिले तीन महिने उलटल्यावर केमोथेरपीही देता येते. घाबरवायला नाही सांगत. इलाज आहे हे माहीत असलं म्हणजे बाई दाखवायला कचरत नाही.

कुणी रक्तचंदन उगाळून लावायला सांगेल, कुणी मालिशवालीकडून गाठ चोळून जिरवायला. चोळून गाठ जिरत नाही, दिवस मात्र जातात.

आता दुधाचं. साधी गाठ असेल तर दोन्ही बाजूंनी पाज. गाठीमुळे दूध नासत नाही, बाळाला बाधत नाही. पहिल्या तासातच छातीशी घे, चीक वाया घालवू नकोस. पूर्वी गाठ काढलेली असेल आणि काप बोंडाभोवतीच्या काळ्या भागावर असेल, तर त्या बाजूला दूध कमी येऊ शकतं. तसं असलं तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. बाळाचं पोट भरतंय का, हे लंगोटांवरून कळतं: पाचव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा तरी ओले व्हायला हवेत, आणि वजन वाढायला हवं. एका बाजूच्या दुधावरही बाळ वाढतं. बाळ ओढेल तसं दूध वाढतं.

बाळंतपणानंतर दूध साकळून ठणकणारी गाठ होते, ती निराळी. पाजणं थांबवू नकोस, जोर लावून दाबू नकोस, पाजून झाल्यावर गार कपडा ठेव. ताप आला, छाती लाल झाली, तर दवाखाना गाठ. अंगावर पाजताना चालतील अशी अँटिबायोटिक्स आहेत. औषधाचा कोर्स संपूनही लाली किंवा गाठ राहिली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर पुन्हा तपासून घे. 'दूधच साकळलंय' या उत्तरावर तेव्हा परत फिरू नकोस.

केमोथेरपी चालू असताना मात्र पाजता येत नाही. अशा आया माझ्याजवळ रडल्या आहेत, जणू त्यांनीच बाळाचं काही हिरावून घेतलं. त्यांचा काही दोष नसतो. बाळ डब्याच्या दुधावरही वाढतं. अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळांसाठी दूधपेढ्या आहेत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली देशातली पहिली सुरू केली.

डॉक्टरीणबाईंकडे जाताना छातीची जुनी सोनोग्राफी असेल तर ती फाइल घे. आणि सासूबाईंनाही बरोबर ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की मालिशवालीला त्याच नको म्हणून सांगतील.