तान्ह्या मुलांचा रक्तक्षय: तळहात पाहा

“आमचे बाळ चांगले गुटगुटीत आहे, त्याला कसले आले रक्त कमी?” असे पुष्कळ माता म्हणतात. पण वरच्या दुधावर वाढलेले मूल अंगाने भरलेले दिसले तरी त्याच्या अंगात रक्त कमी असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दर तिघांत दोघे!

असे का होते? पुऱ्या दिवसांच्या बाळाने आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सुमारे सहा महिने पुरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याआधीच संपतो. गाई-म्हशीच्या दुधात लोह फारच थोडे. शिवाय दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही.

कसे ओळखावे? मुलाचा तळहात दिवसाउजेडी बाजूने हलकेच धरून पाहावा. बोटे मागे ताणू नयेत. ताणल्याने निरोगी हातही फिका दिसतो. तो आपल्या व इतर मुलांच्या तळहाताशी ताडून पाहावा. खालच्या पापणीची आतली बाजू व जीभही पाहावी. किरकिर, लवकर थकणे, भूक मंदावणे, माती खाणे याही खुणा होत. रक्तक्षय हळूहळू येतो, म्हणून रोज पाहणाऱ्या आईच्या तो ध्यानात येत नाही.

संशय आल्यास रक्त तपासून घ्यावे. तळहात पांढराफटक दिसला किंवा मूल धापा टाकू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सहा महिने पुरे होताच आईच्या दुधाबरोबर मऊ वरणभात, नाचणी, कुस्करलेली चवळी, तांबडी भाजी, अंडे, मासळी, थोडी कलेजी द्यावी. वर लिंबाचे दोन थेंब पिळावे; त्याने लोह अंगी लागते. चहा मात्र ते अंगी लागू देत नाही, म्हणून तो मुळीच देऊ नये.

लोहाचे औषध आरोग्य सेविकेने सांगितलेल्या मापानेच द्यावे. त्याने शी काळी होते, भिऊ नये. मोठ्यांच्या लोहाच्या गोळ्या मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. त्या पोटात गेल्यास जिवावर बेतते.

पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो. तेव्हा लोह कमी पडले, तर पुढे औषध देऊनही सगळी कसर भरून निघेलच असे नाही. म्हणून मातांनो, आजच बाळाचा तळहात उजेडात धरून पाहा.