मुक्याची शुश्रूषा

रुग्णाची सेवा या अर्थाने आपण 'शुश्रूषा' हा शब्द नेहमी वापरतो. मूळ संस्कृतात मात्र त्याचा अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. श्रवण, श्रोता, श्रुती हे शब्द ज्या 'श्रु' धातूपासून झाले, त्याच धातूपासून शुश्रूषा हा शब्दही सिद्ध झाला आहे. गुरूचे बोल ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूजवळ राही व त्याची सेवा करी. त्यावरून पुढे या शब्दाला सेवेचा, विशेषतः रुग्णसेवेचा, अर्थ आला. रुग्णाचे ऐकून घेतल्यावाचून त्याची सेवा घडत नाही, हे तत्त्वच जणू या एका शब्दात साठविलेले आहे. परंतु रुग्ण मुका असेल तर त्याचे ऐकावयाचे तरी कसे?

ठाणे जिल्ह्यात वसईच्या खाडीच्या दक्षिणेस भाईंदर आहे. त्याच्या पूर्व भागातील नवघर हे एके काळी लहानसे गाव होते. आज ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या दाट वस्तीत सामावून गेले आहे. जुन्या घराच्या ओट्यावर बसणाऱ्या मांजराने आता इमारतीतील खिडकी आपलीशी केली आहे. अशाच एखाद्या घरातील मांजरीचे उदाहरण आपण कल्पनेने घेऊ. तिला मनी म्हणू. आणि घरातील बारा वर्षांची मुलगी तिची काळजी वाहते, असे समजू.

एके दिवशी आजी गोधडी शिवीत असता दोऱ्याचे रीळ खाली घरंगळले. मनीने ते पंजाने उडविले, तोंडात धरले आणि खेळता खेळता हातभर दोरा गिळून टाकला. मांजराच्या जिभेवर बारीक, टोकदार काटे असतात आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. म्हणूनच त्या जिभेचा स्पर्श खरखरीत लागतो. हाडावरचे मांस खरवडण्यास व अंगावरचे केस विंचरण्यास हे काटे फार उपयोगी पडतात. परंतु त्यांच्यात अडकलेला दोरा बाहेर थुंकणे मांजराला अवघड जाते. तो आतच सरकत राहतो.

दुसऱ्या दिवशी मनी काही खाईना. दोन वेळा तिला ओकारी झाली आणि ती पलंगाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. मुलीने तिचे तोंड हळूच उघडून पाहिले, तो जिभेच्या मुळाशी दोऱ्याचे टोक दिसले. तिने ते धरण्यासाठी हात पुढे केला. पण आजीने तो अडविला. "ओढू नकोस, बाळ," आजी म्हणाली. "आत तो कुठे अडकला आहे, हे आपल्याला दिसते आहे का?"

आजीचे म्हणणे योग्य होते. लेंग्याच्या नेफ्यातील नाडी एका बाजूने ओढली की कापडाला चुण्या पडतात. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकले आणि दुसरे आतड्यात पुढे सरकत राहिले, म्हणजे आतड्यालाही तशाच चुण्या पडतात. ताणलेला दोरा मग सुरीसारखा आतड्याची भिंत कापू लागतो. अशा वेळी तो बाहेरून ओढणे म्हणजे ती भिंत फाडणेच होय. घरगुती उपायांचा येथे काही उपयोग नसतो; पशुवैद्याकडून तातडीने शस्त्रक्रिया करून घेणे हाच खरा उपाय असतो. मनीची शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली.

जनावरांनाही दवाखाना असावा, ही कल्पना आज नवी वाटत नाही. मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७४ साली सुरू झाल्या. मुक्या जनावरांचा छळ थांबवावा या हेतूने स्थापन झालेली मुंबईतील संस्थाही त्याच सालची. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यामुळे परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्यास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव देण्यात आले असून ते आजही त्याच नावाने ओळखले जाते. याच रुग्णालयाच्या आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नवघरापासून परळ तीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आता पशुवैद्य उपनगरांतही आढळतात, त्यामुळे मनीसारख्या रुग्णाला वेळेवर मदत मिळू शकते.

तथापि शस्त्रक्रिया म्हणजे बरे होणे नव्हे. पशुवैद्य आतडे उघडतो, दोरा काढतो आणि टाके घालतो. एवढे काम तास-दोन तासांत आटोपते. ते आतडे सांधण्याचे काम मात्र मनीच्या शरीरालाच करावयाचे असते, आणि त्यास अनेक दिवस लागतात. पहिले काही दिवस जखमेच्या कडा केवळ टाक्यांच्या आधाराने एकत्र राहतात. तिसऱ्यापासून पाचव्या दिवसापर्यंतचा काळ विशेष नाजूक असतो. आतड्याचा सांधा सुटण्याची भीती तेव्हाच अधिक असते. म्हणून मांजर जरा हिंडू लागले की संकट टळले, असे समजणे चुकीचे ठरते.

घरी आणल्यावर मनीला खोलीच्या शांत कोपऱ्यात, जमिनीवरच अंथरुण केले. उंच जागा दिली असती तर तिने उडी मारली असती आणि टाक्यांवर ताण पडला असता. भुलीच्या औषधानंतर काही काळ शरीराला आपली ऊब नीट राखता येत नाही. म्हणून तिच्याजवळ कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. वाळूचे पसरट भांडे चार पावलांवर ठेवले. गळ्याभोवती नरसाळ्याच्या आकाराची गळपट्टी बांधली होती. मनीला ती मुळीच आवडली नाही. परंतु ज्या काटेरी जिभेने दोरा आत ओढला, तीच जीभ आता टाके उसवू शकत होती.

आजी-आजोबांच्या फडताळात ताप व अंगदुखी यांवरची पॅरासिटामॉलची गोळी असतेच. माणसाला उतार देणारी ही गोळी मांजराला विषासमान आहे. ती निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असते. फिनॉल नावाच्या द्रव्याचीही तीच कथा. याच द्रव्याने जखमा जंतुरहित ठेवता येतात, हे जोसेफ लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्याने १८६७ साली जगापुढे मांडले आणि त्यामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले. परंतु फिनॉल असलेल्या द्रवाने पुसलेल्या फरशीवरून चालून मांजराने आपले पंजे चाटले, तर त्याला बाधा होऊ शकते. मांजर म्हणजे लहान आकाराचे माणूस नव्हे, हे शुश्रूषा करणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दूध हे मांजराचे आवडते अन्न मानले जाते. पण पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही व त्यांना जुलाब होतात. अंगाच्या उष्णतेचे मापही वेगळे असते. निरोगी मांजराची उष्णता साधारणपणे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या मापाने तो तापच होय!

आता ऐकण्याचा प्रश्न उरतो. रोग्याचे बारकाईने निरीक्षण करणे हा शुश्रूषेचा पाया आहे, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादिले आहे. या बाईंनी स्वतः आयुष्यात पुष्कळ मांजरे पाळली होती. मांजराच्या बाबतीत तर निरीक्षणावाचून गत्यंतरच नाही, कारण ते आपले दुखणे लपविते. वेदना होत असता ते क्वचितच ओरडते. ते अंग आखडून बसते, डोळे अर्धवट मिटते, कान बाजूंना पाडते. वेदनेतही ते घुरघुरू शकते. म्हणून केवळ घुरघुर ऐकून ते सुखात आहे असे मानता येत नाही.

पशुवैद्यांच्या सांगण्यावरून मुलीने एक वही केली. मनीने किती खाल्ले, किती वेळा लघवी व शौच केली, ओकारी झाली काय, जखम लाल अथवा ओली दिसते काय, हे ती सकाळ-संध्याकाळ लिहू लागली. मनी झोपली असता छातीचा भाता एका मिनिटात किती वेळा वर-खाली होतो, हेही ती घड्याळ लावून मोजी. स्वस्थ मांजर झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा श्वास घेते. मनीचा आकडा २४ होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनी प्रथमच अन्नासाठी ओरडली. घरात आनंद झाला. काकांनी बाजारातून ताजे बोंबील आणले आणि आज तिला पोटभर खाऊ द्यावे, असे सर्वांना वाटले. खाण्याची आबाळही बरी नव्हती. मांजर काही दिवस अन्नावाचून राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून दुसराच गंभीर आजार उद्भवू शकतो. परंतु पशुवैद्यांनी थोडे थोडे आणि अनेक वेळा, असे बजावले होते. मनी ताटलीकडे पाहून पुन्हा पुन्हा ओरडत होती. मुलीचे डोळे भरून आले. तरीही काटे काढलेल्या, उकडलेल्या माशाचे ठरलेले दोन चमचे देऊन तिने ताटली उचलली.

चौथ्या दिवशी सकाळी मनी पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. "दमली असेल, झोपू दे तिला," असे घरातली माणसे म्हणाली. मुलीने श्वास मोजले. ते ४० भरले. तिने पुन्हा मोजले. आकडा तोच आला. रात्रीपासून लघवी झाली नव्हती, हेही वहीवरून दिसत होते. तिने आजीला वही दाखविली आणि दोघी तत्काळ पशुवैद्यांकडे गेल्या. तपासणीअंती आतड्याचा सांधा शाबूत असल्याचे आढळले. मात्र शरीरातील पाणी कमी झाले होते व वेदना वाढली होती. मनीला सलाइन देण्यात आले आणि वेदनाशामक औषध बदलण्यात आले. दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा २६ चा आकडा लिहिला गेला. चौदाव्या दिवशी कातडीवरचे टाके निघाले. त्या दिवसापासून दोऱ्याचे रीळ झाकणाच्या डब्यात राहू लागले.

प्रत्येक रुग्ण असा वाचतोच असे नाही. कधी रोग फार पुढे गेलेला असतो, कधी शरीराची शक्ती अपुरी पडते. उत्तम शुश्रूषा करूनही प्राणी दगावला, तर ती शुश्रूषा व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही. त्याच्या वेदना तिने कमी केलेल्या असतात.

काशीहून आणलेले गंगेचे पाणी संत एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तेथे दया देण्यात होती. मनीच्या बाबतीत त्या संध्याकाळी दया हात आवरण्यात होती. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. पण दोहोंचे मूळ एकच आहे. आपल्याला काय द्यावेसे वाटते, हा विचार बाजूला सारून समोरच्या जिवाला काय हवे आहे, हे ओळखणे, हेच ते मूळ होय. मुक्याचे ऐकणे म्हणतात ते यालाच.

स्वाध्याय

१. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? तो रुग्णसेवेला कसा लागू पडतो?
२. आजीने मुलीला दोरा ओढू का दिला नाही? नेफा व नाडी यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. 'मांजर म्हणजे लहान आकाराचे माणूस नव्हे.' या विधानास पाठातील तीन आधार द्या.
४. मुलीने वही ठेवली नसती तर काय घडण्याचा संभव होता, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. पाठात दयेची दोन रूपे सांगितली आहेत. ती कोणती? दुसऱ्या रूपाचे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून द्या.
६. 'श्रु' धातूपासून झालेले आणखी शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.