बोलणाऱ्या कोंबड्या आणि न ऐकणारा माणूस : 'चिकन रन'मधील संवादाचे स्वरूप

१.
कथेतील प्राणी बोलू लागला की त्याच्या आड माणूस शोधण्याची सवय आपल्या समीक्षेला जडलेली आहे. सिंह म्हणजे राजा, कोल्हा म्हणजे धूर्त अमात्य, गाढव म्हणजे मूढ सेवक, अशी समीकरणे मांडली की अन्वयार्थ पुरा झाला असे आपण मानतो. नीतिकथेच्या संदर्भात ही पद्धती बऱ्याच अंशी उपयुक्तही आहे. परंतु ज्या प्राण्यांचे मांस माणूस प्रत्यक्ष खातो, ते प्राणी बोलू लागले तर हे समीकरण पुरेसे ठरते काय? पीटर लॉर्ड आणि निक पार्क यांनी दिग्दर्शित केलेला, आर्डमन संस्थेचा 'चिकन रन' (२०००) हा विनोदी अ‍ॅनिमेशनपट या प्रश्नाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. बालरंजनाची कृती म्हणून अभ्यासकाने त्याला बाजूस सारण्याचे कारण नाही. प्राणिकथेच्या घाटात त्याने एक मूलगामी बदल केलेला आहे आणि तो बदल संवादाच्या दिशेशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२.
प्रथम आपल्या परिचयाची परंपरा पाहू. 'पंचतंत्रा'तील 'मित्रभेद' या तंत्राचा प्रारंभ एका पाळीव प्राण्यापासून होतो. वर्धमानक या व्यापाऱ्याच्या गाडीला जुंपलेला संजीवक हा बैल वाटेत जायबंदी होतो आणि त्याला मागे टाकून तांडा पुढे निघून जातो. कामास निरुपयोगी ठरलेला हा बैल वनात जगतो, धष्टपुष्ट होतो, पिंगलक सिंहाचा मित्र होतो आणि दमनकाच्या कारस्थानामुळे अखेर त्याच सिंहाकडून मारला जातो. ज्या मालकाने त्याला टाकले, त्या मालकाला मात्र कथेत पुन्हा स्थान नाही. संजीवक ज्याच्याशी बोलतो ते सारे वनचर आहेत, आणि या सर्व बोलण्याचा अंतिम श्रोता आहे माणूस. विष्णुशर्मा या कथा तीन राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगतो. म्हणजे प्राण्याची वाणी ही मूलतः माणसाच्या शिक्षणाची सामग्री आहे. बैल मरतो आणि राजपुत्र शहाणा होतो.

३.
'चिकन रन'मध्ये हा अंतिम श्रोताच कथेच्या विश्वातून काढून टाकलेला आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, १९५० च्या दशकात, ट्वीडी दांपत्याच्या मालकीचा कोंबड्यांचा फार्म आहे. तारेचे कुंपण, ओळीने उभी लाकडी खुराडी, रोजची हजेरी, राखणीचे कुत्रे अशी त्याची रचना युद्धबंद्यांच्या छावणीसारखी आहे. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) या चित्रपटाचे विडंबन त्यात उघड आहे. या छावणीत कोंबड्या अखंड बोलतात, पण आपसांत. माणसाला समजावे यासाठी त्या काही बोलत नाहीत.

अंड्यांच्या हिशेबाचा प्रसंग येथे मध्यवर्ती मानावा लागेल. हजेरीच्या वेळी श्रीमती ट्वीडी प्रत्येक कोंबडीच्या अंड्यांची नोंद तपासते. काही दिवस अंडे न दिलेली एडविना रांगेतून उचलली जाते. कुऱ्हाडीचा घाव आपल्याला केवळ सावलीरूपाने दिसतो. कौटुंबिक विनोदी चित्रपटाच्या आरंभीच असा मृत्यू यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. बैल लंगडला म्हणून टाकला गेला, कोंबडी थांबली म्हणून कापली गेली. दोन्हीकडे निकष उपयुक्ततेचाच आहे. फरक असा, की येथे निकष लावणारा मालक कथेतून निघून जात नाही. तो शेवटपर्यंत समोर उभा राहतो आणि प्रेक्षकाला त्याच्याकडे पाहावेच लागते.

४.
चित्रपटातील विनोद याच भाषिक दरीतून निर्माण होतो. कोंबड्या संघटित होत आहेत असा संशय श्रीयुत ट्वीडी यांना वारंवार येतो आणि तो खराही असतो. परंतु पत्नी प्रत्येक वेळी तो मनाचा खेळ म्हणून उडवून लावते. सत्य जाणणारा माणूसच घरात मूर्ख ठरतो. श्रीमती ट्वीडी दुष्ट आहे म्हणून ऐकत नाही असे नव्हे. तिच्या हिशेबाच्या वहीत कोंबडीच्या बोलण्याला रकानाच नाही. अंड्यांचा नफा तुटपुंजा वाटू लागताच ती मांस भरून भाजलेले 'पाय' तयार करणारे यंत्र आणते. एका तोंडातून कोंबडी आत जाते आणि दुसऱ्यातून पदार्थ बाहेर पडतो. वाणी जिथे ऐकूच येत नाही तिथे देहाचे वस्तूत रूपांतर किती सुरळीत होते, हे या यंत्राच्या रूपाने दृश्य होते.

दरी केवळ माणूस आणि प्राणी यांच्यातच नाही. स्कॉटिश वळणाने बोलणाऱ्या मॅकचे बोलणे अमेरिकन कोंबडा रॉकी याला कळत नाही. वृद्ध फाउलर हवाई दलाच्या आठवणींत रमतो. पण विमान चालवण्याची वेळ येते तेव्हा तो दलाचे केवळ शुभचिन्ह होता हे उघड होते. रॉकीला उडता येते हा समजही खोटा निघतो. सर्कशीच्या जाहिरातीचा फाडून ठेवलेला खालचा तुकडा हाती लागल्यावर त्याला तोफेतून उडवले जात असे, हे जिंजरला समजते. प्राण्यांच्या बोलण्यातही बढाई आहे, गैरसमज आहे, लबाडी आहे. त्यामुळे या कोंबड्या निष्पाप बळींच्या प्रतिमा राहत नाहीत, व्यक्ती होतात.

५.
तुलनेसाठी ई. बी. व्हाइट यांच्या १९५२ च्या कादंबरीवर आधारलेला 'शार्लट्स वेब' (१९७३) हा अ‍ॅनिमेशनपट घेता येईल. विल्बर नावाच्या डुकराला कापले जाणार असते. शार्लट ही कोळीण आपल्या जाळ्यात त्याच्या स्तुतीचे शब्द विणते, माणसे ते वाचून चकित होतात आणि विल्बर वाचतो. येथे प्राण्याला जगण्यासाठी माणसाची लिपी उसनी घ्यावी लागते आणि माणसाची दाद मिळवावी लागते. जिंजर दाद मागत नाही. तिची भाषा स्वजनांना जागे करण्यासाठी आहे. कुंपण फार्मभोवती आहे तसे मनातही आहे, हे तिला खुराड्यातील सोबतिणींना पटवून द्यायचे आहे. एक वाट विनंतीची, तर दुसरी संघटनेची.

६.
या मांडणीला मर्यादा आहे, ती नोंदवणे आवश्यक आहे. शेवटी या कोंबड्या स्वतः बांधलेल्या विमानातून निसटतात आणि सुरक्षित बेटावर पोचतात. त्यांची सुटका होते, व्यवस्था मोडत नाही. २०२३ मधील 'डॉन ऑफ द नगेट' या उत्तरभागात अधिक मोठा, अधिक यांत्रिक कारखाना यावा, हे या दृष्टीने सूचक आहे. शिवाय श्रीमती ट्वीडीला न ऐकू येणारे सारे प्रेक्षकाला ऐकू येत असते. म्हणजे कथेतून हद्दपार झालेला मानवी श्रोता प्रेक्षागृहात बसलेला आहेच. मात्र राजपुत्रांप्रमाणे तो चातुर्य शिकून उठत नाही. घरी ताटावर बसताना त्याला थोडी अस्वस्थता जाणवली तर जाणवेल. रूपककथेच्या चौकटीत या अस्वस्थतेला जागा नाही, कारण तेथे कोंबडी ही कोंबडी नसतेच.

बोलणाऱ्या प्राण्यांच्या कथा शिकवताना 'हा प्राणी कोणाचे प्रतीक आहे' या प्रश्नापाशी आपण थांबतो. त्याच्या आधी 'हा प्राणी कोणाशी बोलतो, आणि त्याचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही' हा प्रश्न विचारला, तर संजीवकाच्या मृत्यूकडेही आपण निराळ्या नजरेने पाहू शकू.