कान दुखत नाही, वाहत नाही. मग ऐकू का येत नाही?

बहिरेपणा म्हटला की आपल्याकडे दोनच कारणे सांगितली जातात. कानात मळ साचला, नाहीतर वय झाले. पण पंचविशी-तिशीतल्या धडधाकट माणसाला हळूहळू कमी ऐकू येऊ लागते, कान दुखत नाही, वाहत नाही, पडदाही शाबूत असतो. अशा वेळी ‘ओटोस्क्लेरोसिस’ या आजाराची शंका घ्यावी. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळतो.

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, उंची जेमतेम ३ मिलिमीटर. पडद्याची कंपने रिकीब अंतःकर्णाच्या खिडकीवर पोचवते. या आजारात खिडकीच्या काठचे हाड आधी मऊ व सच्छिद्र होते, नंतर घट्ट होते आणि रिकीब त्यात जखडली जाते. गंजलेल्या बिजागरीमुळे दार हलू नये, तसेच हे. ऐकण्याची नस बहुधा चांगली असते. म्हणूनच हा बहिरेपणा पुष्कळदा सुधारता येतो.

केनवडच्या माझ्या दवाखान्यात अशी रुग्ण स्वतःहून क्वचितच येते. सासूबाई घेऊन येतात आणि म्हणतात, “गिरणीत बरं हिले सारं आयकू येते, अन् घरीच नाही येत!” यात सुनेचे ढोंग नसते. गोंगाटात समोरचा माणूस आवाज चढवून बोलतो. गिरणीची घरघर मात्र तिच्या कानापर्यंत कमीच पोचते. म्हणून तिथे तिला बोलणे नीट कळते. हे या आजाराचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. शिवाय स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येत असल्याने ती हळू बोलते. जेवताना चावण्याच्या आवाजामुळे बोलणे कळत नाही. कानात गुणगुण होते. काहींना गर्भारपणात त्रास वाढल्यासारखे वाटते, पण त्यासाठी बाळंतपणाला दोष देऊ नये.

आजाराचे नेमके कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही. अनेक घरांत तो आनुवंशिक असतो. तरी आईला असला म्हणजे मुलीला होईलच असे नाही.

तपासणी सोपी आहे. नादकाटा कानासमोर धरला त्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवल्यावर आवाज मोठा वाटला, तर दोष बहुधा नसेत नसून आवाज आत पोचण्याच्या वाटेत आहे. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्यावी. आपल्या भागातून अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते.

जखडलेली रिकीब गोळीने किंवा थेंबाने मोकळी होत नाही. कानात गरम तेल, लसणीचा रस घालू नये. उलट इजा होते. उपाय मुख्यतः दोन. पहिला श्रवणयंत्र. त्यात धोका नाही आणि या रुग्णांना ते चांगले लागू पडते. दुसरा शस्त्रक्रिया. १९५६ साली अमेरिकेत डॉ. जॉन शिया यांनी रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम रिकीब बसवली. आता बहुधा रिकिबीच्या तळाला बारीक छिद्र पाडून छोटा पिस्टन बसवतात. अनुभवी हातांत दहापैकी सुमारे नऊ जणांना चांगला फायदा होतो. मात्र शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जाऊ शकतो. काहींना चक्कर येते, जिभेची चव बदलते. म्हणून आधी जास्त बिघडलेल्या कानावरच शस्त्रक्रिया करतात. हे सारे विचारूनच संमती द्यावी.

एक इशारा : एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येणे बंद झाले, तर तो वेगळा व तातडीचा आजार समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरातली सून किंवा मुलगी हाकेला ओ देत नसेल, तर रागावण्याआधी तिचे कान तपासून घ्या. आजार लपवून वर्षे काढली, तर माणूस बोलण्यातून, हळूहळू घरातूनही तुटत जातो. तेवढे नुकसान कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून येत नाही.