भिंतीवरचा वड

कुर्ल्यातील जुन्या चाळींच्या भिंती पावसाळ्यात निरखून पाहाव्यात. पन्हळीच्या सांध्यापाशी किंवा सज्जाखालच्या भेगेत वडाचे, पिंपळाचे, नाही तर उंबराचे एखादे रोप उगवलेले दिसतेच. ते कोणी लावलेले नसते. साळुंक्या, कोकीळ, कावळे ही फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडते. तेथे माती चिमूटभर, ऊन कडक आणि पाणी मिळाले तर मिळाले! तरीही ते रोप जगते.

बोनसायचा छंद नव्याने लागलेल्याने प्रथम या रोपाकडे पाहावे. ‘बोन’ म्हणजे उथळ भांडे आणि ‘साई’ म्हणजे लावणी, असा या जपानी शब्दाचा अर्थ आहे. ही कला चीनमधून जपानात गेली आणि तेथे बहरली. तेथील यामाकी घराण्याचा एक पाइन वृक्ष १६२५ सालापासून कुंडीत वाढत आला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा तो त्याच शहरात होता. बागेच्या भिंतीच्या आडोशाने वाचला. १९७६ साली त्या घराण्याने तो अमेरिकेला भेट दिला.

हे वाचून आपल्या खिडकीतही पाइन असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याला कडक थंडीतील विश्रांती लागते आणि कुर्ल्यात हिवाळा नावापुरताच असतो. नवशिक्याचे पहिले झाड मरते, ते पुष्कळदा हात चुकल्यामुळे नव्हे, तर निवड चुकल्यामुळे.

वडाचे तसे नाही. त्याची फांदी छाटली की जखमेतून चीक येतो, तो सुकून जखम झाकतो आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटते. उंबरही असाच सोशिक. त्याची पाने लहान होतात, पण फळे होत नाहीत. त्यामुळे हातभर झाडावर पुऱ्या आकाराची उंबरे लगडलेली पाहून मोठी मौज वाटते. पिंपळ चिवट खरा, पण त्याचे रुंद पान आणि लांब देठ लहानशा खोडावर शोभत नाही. मांसल पानांचे आफ्रिकी जेड पाण्याचा विसर सहन करते. अतिप्रेमाने रोज पाणी घालणाऱ्याच्या हाती मात्र ते कुजते.

भिंतीवरचे रोप मोठ्या माणसाकडूनच, मुळे शाबूत राखून काढवून घ्यावे. यात भिंतीचेही हित आहे. वाढणारी मुळे विटा फोडतात. कुंडीच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवून तांबडी माती, विटांचा चुरा आणि कुजलेले शेणखत भरावे. बोटाने माती चाचपावी व वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. कुंडी उन्हाच्या खिडकीतच ठेवावी. सुमारे दोन वर्षांनी, पावसाच्या आरंभी, मुळे थोडी छाटून माती बदलावी.

झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, हा समज खोटा आहे. ते लहान राहते ते छाटणीमुळे. खतपाणी त्याला वेळेवर द्यावेच लागते. किंबहुना रानातला वड पाण्यासाठी मुळे दूरवर धाडतो. कुंडीतल्या वडाला तशी वाट नसते. त्याची सारी भिस्त पाळणाऱ्यावर.

म्हणूनच मे महिन्यात पंचाईत होते. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कोकणात जाणाऱ्या गाड्या भरून निघतात, घरांना कुलपे लागतात आणि उथळ कुंडीतली माती एका दिवसात वाळते. तेव्हा गावी निघण्यापूर्वी कुंडी शेजारच्या काकूंकडे पोहोचती करावी आणि माती कशी चाचपायची, तेही त्यांना दाखवावे.