अकरा महिने

फेब्रुवारी २०१९मधली गोष्ट. मुलाखतीला जाण्याआधी कराडच्या घरी मी माझा अर्ज आप्पांना वाचून दाखवत होते. आप्पा एसटीच्या आगारात मेकॅनिक. इंग्रजी ओळ वाचायची आणि तिचा अर्थ मराठीत सांगायचा, असं चाललं होतं. ‘वेगवेगळ्या विभागांच्या टीमचं नेतृत्व करून रिजेक्शन चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं’ या ओळीला त्यांनी मला थांबवलं.

“दोन टक्के म्हणजे रोजचे किती नग गं?”

“आप्पा, मॅनेजमेंटच्या मुलाखतीत असलं काही विचारत नाहीत,” मी म्हटलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

इंजिनिअरिंग संपवून १ सप्टेंबर २०१७ला मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागले. गिअरबॉक्सचे शाफ्ट बनायचे तिथं. वर्षभरानं कॅटचा अर्ज भरताना कळलं की अनेक आयआयएम अर्जाच्या वर्षातल्या ३१ जुलैपर्यंतचाच अनुभव धरतात. म्हणजे माझे भरले फक्त अकरा महिने. बरोबरीच्या मुलामुलींचे तीस-तीस, छत्तीस-छत्तीस महिने ऐकून मला धडकी भरली होती. शेवटच्या सेमिस्टरला सहा महिने एका कंपनीत इंटर्नशिप केली होती. ते मिळवले की सतरा होतात. मी सतरा लिहिले.

असं का करावंसं वाटतं, हे मला आजही आठवतं. दहावी, बारावी, पदवी या तिन्हींचे गुण कधीच छापून झालेले असतात, त्यांना हात लावता येत नाही. कॅटचा पर्सेंटाइलही एकदा लागला की लागला. माझा ९८.६ होता. शब्दांनी फुगवता येईल अशी अर्जात एकच जागा उरते, ती म्हणजे अनुभव. म्हणून घाबरलेला माणूस नेमका तिथं हात घालतो.

मुलाखतीच्या दिवशी आधी कागदपत्रांचं टेबल होतं. तिथल्या बाईंनी इंटर्नशिपचं पत्र बाजूला काढलं. “हे पदवीच्या आधीचं आहे. हे धरत नाहीत.” त्यांनी सतरा खोडून अकरा लिहिलं आणि शेजारी माझी सही घेतली. त्या शांतपणे बोलल्या, पण तो खोडलेला आकडा असलेला कागद माझ्याआधी आतल्या टेबलावर पोचला.

आत तिघे होते. पहिला प्रश्न त्या नेतृत्वाच्या ओळीवरच आला. टीममध्ये किती जण होते? सहा. त्यांतले तुम्हाला रिपोर्ट करणारे किती? कुणीच नाही. एका शिफ्टला किती शाफ्ट निघतात? साधारण सहाशे. मग दोन टक्के म्हणजे किती? बारा, हे मी सांगितलं. त्या बाराचं काय होतं, किती रिवर्कला जातात, किती भंगारात? मला माहीत नव्हतं. ग्राहक तर रिजेक्शन पीपीएममध्ये मोजतो, मग दोन टक्के म्हणजे किती पीपीएम? दोन टक्के म्हणजे दहा लाखांत वीस हजार, शाळेतलं गणित. मी छताकडे बघत राहिले. खरी गोष्ट अशी की तो प्रकल्प आमच्या क्वालिटी मॅनेजरांचा होता. मी त्याच्या बैठकांना बसले होते आणि शेवटचं प्रेझेंटेशन बनवलं होतं. दुसऱ्याच्या कामाबद्दल माणूस तीन प्रश्नांपर्यंत बोलू शकतो, चौथ्याला थांबतो.

त्या वर्षी माझी कुठंच निवड झाली नाही.

आणि या सगळ्यात माझं स्वतःचं एक काम अर्जात आलंच नव्हतं. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. मी फायनल इन्स्पेक्शनला होते तेव्हा रोज तासातासाचा तक्ता भरायचा असे. दोन-अडीच महिन्यांचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं की शुक्रवारी पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीलाच बाद नगांचा लाल डबा भरतो. ग्राइंडिंगवरच्या एका जुन्या ऑपरेटरना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, मशीन दीड दिवस थंड असतं. आम्ही थंड्या मशीनवर माप लावतो. तासाभरात स्पिंडल तापतं आणि माप सरकतं.” मी ते सुपरवायझरांना सांगितलं. मग सुट्टीनंतर मशीन वीस मिनिटं रिकामं चालवून मगच माप लावायचं ठरलं. त्या तासात चौदा-पंधरा शाफ्ट बाद व्हायचे, ते चार-पाचांवर आले. इतकंच. हे मला अर्जात लिहिण्याइतकं मोठं वाटलं नाही, कारण त्यात नेतृत्व नव्हतं, बजेट नव्हतं आणि ज्ञान तर त्या ऑपरेटरांचं होतं.

२४ नोव्हेंबर २०१९ला पुन्हा कॅट दिली. पर्सेंटाइल थोडा घसरून ९७.९ आला. पण या वेळी शुक्रवारचा लाल डबा अर्जात होता, आणि कारण मला ऑपरेटरांनी सांगितलं हेही होतं. मुलाखतीतला अर्ध्याहून जास्त वेळ त्यावरच गेला. एका प्राध्यापकांनी कागद पुढे सरकवून तक्ता काढायला सांगितलं. वीस मिनिटं मशीन रिकामं चालण्याचा खर्च आणि वाचलेल्या दहा शाफ्टची किंमत यांचा हिशोब केला का, असं विचारलं. केला होता. तो हिशोब मी आप्पांसमोर बसून केला होता. तिथं माझी निवड झाली.

म्हणून ज्यांचा अनुभव कमी आहे त्यांना मी आधी एक गोष्ट करायला सांगते. अर्ज उघडण्याच्या कितीतरी आधी एक वही घ्या. रोज कामावरून आल्यावर चार ओळी लिहा: आज काय बिघडलं, कुणी सांगितलं, मी काय केलं, आकडा किती. सहा महिन्यांत अर्जाला पुरून उरेल एवढा मजकूर जमतो. वही नसेल तर आकडे अंदाजानं लिहिले जातात, आणि अंदाजाचा आकडा मुलाखतीत टिकत नाही.

दुसरी गोष्ट, दार बघून अर्ज करा. माझ्या ओळखीतल्या एकानं तर एकोणीस महिन्यांच्या अनुभवावर हैदराबादच्या आयएसबीच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी निबंध लिहून तयार ठेवले होते. तिथं किमान चोवीस महिने लागतात. आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या पीजीपीएक्सला किमान चार वर्षं लागतात. उलट दोन वर्षांच्या नेहमीच्या पीजीपीला अनुभवाची अटच नाही, तिथं नुकते पदवीधर झालेलेही असतात. आपल्याकडच्या एमबीए सीईटीतून जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमश्री, पुण्याची पुम्बा अशा संस्थांत जाता येतं आणि तिथली गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते, नोकरीचे महिने तिथं कुणी मोजत नाही. परदेशाचं मनात असेल तर लंडन बिझनेस स्कूल किंवा पॅरिसजवळच्या एचईसीचा मास्टर्स इन मॅनेजमेंट हा नव्या पदवीधरांसाठीचाच अभ्यासक्रम आहे. अजून शेवटच्या वर्षाला असाल तर हार्वर्डचा टू प्लस टू बघा. त्यात प्रवेश आधी ठरतो आणि वर्गात बसायचं ते काही वर्षं नोकरी करून. हे मला वेळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शिफारसपत्राबद्दल थोडंसं. मी पहिल्यांदा कारखान्याच्या जनरल मॅनेजरांकडून घेतलं होतं. त्यांना माझं आडनावही नीट आठवत नव्हतं, आणि पत्र वाचून ते कळत होतं. हुद्द्यापेक्षा तुम्हाला रोज काम करताना बघणारा माणूस गाठा. आणि कॅटच्या अभ्यासासाठी अकराव्या-बाराव्या महिन्यात नोकरी सोडू नका. आधीच थोडा अनुभव, त्यात मध्ये खंड पडला की मुलाखत त्या खंडावरच जाते.

महिन्यांच्या आकड्याबाबत मात्र मी कडक बोलते. अर्जाच्या शेवटी दिलेली सर्व माहिती खरी आहे असं आपण लिहून देतो. चुकीच्या माहितीवर मिळालेला प्रवेश नंतरही रद्द होऊ शकतो. इंटर्नशिप वेगळ्या रकान्यात, ती कधी आणि किती दिवस केली ते नीट लिहून टाका. ती तिथं अभिमानानं बसते.

परवा कराडच्याच एका मुलीचा अर्ज माझ्याकडे आला. नऊ महिने नोकरी. पहिलीच ओळ, ‘प्रमुख ग्राहकांशी संबंध सांभाळले.’ मी फोन करून विचारलं, काल ऑफिसात काय केलंस? ती आधी अडखळली. मग सांगायला लागली: औषधांची खोकी भरलेला एक ट्रक बॅच नंबर चुकीचा पडल्यानं कोल्हापूरहून परत आला होता, आणि ती गोदामात उभी राहून खोकं अन् खोकं तपासत होती. किती खोकी होती, किती चुकीची निघाली, चूक कुठल्या टेबलावर झाली, सगळं तिला तोंडपाठ होतं. पाऊण तास बोलत होती. मी तिला म्हटलं, फोन ठेव आणि हे जसं सांगितलंस तसं आजच्या आज लिहून काढ.