खिडकी पुसण्याचा दर कसा ठरतो?



काळ-काम-वेगाच्या उदाहरणांत हौद भरतात, नळ गळतात आणि मजूर न थकता भिंती बांधत राहतात. आज एक खरेखुरे काम घेऊ. दिवाळीच्या आधी काचा पुसायला माणूस येतो. ‘एका खिडकीचे किती?’ असे आपण विचारतो, तो आकडा सांगतो आणि आपण लगेच घासाघीस सुरू करतो. पण तो आकडा आला कोठून?

हिशेबापुरते आकडे धरू. या कारागिराला घरखर्चासाठी महिन्याला १८,००० रुपये हवेत. पेट्रोल, साबण, फडकी, वायपरचे रबर, शिडीची दुरुस्ती यांना ४,००० लागतात. एकूण २२,०००. महिन्यात कामाचे दिवस २२, म्हणजे रोज १,००० रुपये मिळायला हवेत. दिवस आठ तासांचा. म्हणून ताशी १२५ रुपये, आणि एका खिडकीला दोन्ही बाजूंनी ६ मिनिटे लागत असतील तर दर साडेबारा रुपये. बरोबर ना?

चूक! आठ तासांपैकी काचेवर हात जेमतेम पाच तास चालतो. बाकीचा वेळ येण्याजाण्यात, पाणी बदलण्यात, शिडी हलवण्यात आणि घरमालक दार उघडेपर्यंत थांबण्यात जातो. त्या तीन तासांचे पैसे वेगळे कोणी देत नाही, ते काचेच्याच दरात बसवावे लागतात. म्हणून १,००० भागिले ५, ताशी २०० रुपये आणि खिडकीला २० रुपये.

साडेबाराच्या दराने काम केले तर काय होईल? पाच तासांत ५० खिडक्या, रोजचे ६२५ रुपये, महिन्याचे १३,७५०. खर्च वजा जाता हाती ९,७५०. भागाकारात एक आकडा चुकला आणि घरखर्चाचे पैसे जवळजवळ निम्म्यावर आले.

शिवाय सगळ्या खिडक्या सारख्या नसतात. आपल्याकडे बहुतेक खिडक्यांना ग्रिल असते, त्यातून हात घालून बाहेरची बाजू पुसायला जास्त वेळ लागतो. एका मोठ्या काचेपेक्षा सहा छोट्या तावदानांना जास्त वेळ लागतो, कारण वेळ कडा-कोपऱ्यांत जातो. बोअरचे जड पाणी काचेवर वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात, ते नुसत्या फडक्याने निघत नाहीत. रंगकामानंतरची पहिली सफाई तर निराळेच काम आहे.

ब्रिटनमध्ये हा धंदा फार जुना आहे. तेथील कारागीर पुष्कळदा एकाच गल्लीतील घरे धरतात, दर चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी येतात आणि प्रत्येक घराचा उक्ता दर ठरवतात. येण्याजाण्याचा वेळ वाचतो आणि काचेवर मळ साचत नाही, म्हणून दर कमी ठेवता येतो. पहिल्या खेपेला मात्र ते बहुधा जास्त घेतात. उंच खिडक्यांसाठी अनेकजण जमिनीवरच उभे राहून लांब काठीच्या ब्रशने, क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याने काच धुतात. असे पाणी डाग न ठेवता वाळते, त्यामुळे पुसावे लागत नाही. जमिनीवरून होण्याजोगे काम उंचावर चढून करू नये, असे तेथील २००५ सालचे नियमही सांगतात.

आपल्याकडे वरच्या मजल्याचे काम अजून बरेचसे शिडीवरच चालते, आणि शिडी धरायला दुसरा माणूस लागतो. पालक आणि विश्वस्त मंडळींनीही कोटेशन उघडताना हा दुसरा माणूस त्यात आहे की नाही हे जरूर पाहावे. सर्वांत कमी आकड्यातून पुष्कळदा तोच गळालेला असतो.

आता तुमच्यासाठी उदाहरण. एका शाळेला ३६ खिडक्या आहेत. तळमजल्यावर २४, प्रत्येकी ६ मिनिटांच्या. वर १२, प्रत्येकी ९ मिनिटांच्या. पुसणाऱ्याचा दर ताशी २००, आणि वरचे काम चालेल तेवढा वेळ शिडी धरणाऱ्याचा ताशी १००. योग्य रक्कम किती? एकाने सरसकट खिडकीला २० रुपये, म्हणजे ७२० सांगितले. फरक किती, आणि तो कोणाच्या खिशातून गेला, हेही लिहा.